नव्या ऐकणाऱ्यासाठी पाच कॅसेटी

मला कुणी पाखरं हाकलायचा धंदा करणारा म्हणालं की माझं टाळकं फिरतं. पण खोटं न्हाय ते. उदयसिंह नाव माझं. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, तालमीच्या मागच्या बोळात माझं रेकॉर्डिंग सेंटर हाय. एके काळी लग्नसराईत दारात रांग लागायची. लोक चिठ्ठीवर बारा गाणी लिहून आणायचे, मी ती कॅसेटवर भरून द्यायचो. आता पोटाला मिक्सरची दुरुस्ती, कॅसेटीचं गिऱ्हाईक वर्षातनं एकदा येतंय. गणपती उठले की भाताचा दाणा भरतोय, रानात पाखरं पडत्यात, आणि शाहूवाडीकडची माणसं माझ्याकडं येत्यात. "मालक, जुन्या कॅसेटी हाईत काय?" कॅसेटची फीत भराभरा ओढून काढायची आणि रानात ह्या काठीपासनं त्या काठीपर्यंत ताणून बांधायची. उन्हात चमकती, वाऱ्यात घुंई घुंई वाजती, पाखरं भित्यात. ज्या फितीत मी लोकांची लग्नं भरली ती आता चिमण्या हाकलती. मी शिव्या घालतो आणि खोकी भरून देतो.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं ह्याच्यापायी झालं.

शशिधर माझा दोस्त. लिंगायत माणूस, मार्केट यार्डात गुळाची अडत, कपाळाला भस्म आणि तोंडात शब्द न्हाय. दिवसभरात चार वाक्यं बोलला तर आम्ही म्हणायचो, आज काय सण हाय काय? सत्त्याऐंशी साली मिशनच्या बंगल्यातला एक म्हातारा अमेरिकन मास्तर कायमचा गावाकडं निघाला. शशिधर त्याच्याकडं गूळ पोचवायचा. जाताना मास्तरानं ह्याच्या हातात एक ट्रंक दिली, चाळीस तबकड्या भरलेली. म्हणाला, माझ्या मुलखातलं हाय, जपून ठेव. ते सगळं ब्लूज होतं.

आता ब्लूज म्हणजे काय हे मला पुस्तकातलं येत न्हाय. अमेरिकेत कापसाच्या रानात राबवलेल्या काळ्या माणसांचं गाणं, एवढं शशिधरनं सांगितलं. माझ्या कानाला कळलं ते असं: एक ओळ म्हणायची. तीच ओळ परत म्हणायची. मग तिसरी ओळ यायची, ती पहिल्या दोन्हीला उत्तर देती. उत्तर बरं असंल असं न्हाय. बहुतेक वेळा वाईटच. पण येतंय.

मला नादाला लावलं ते त्यानंच. एकोणनव्वदला आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमची फायनल होती आणि गोलात मी. शेवटच्या मिनिटाला बॉल माझ्या पायातनं गेला. अख्खी पेठ माझ्या आईबापाचा उद्धार करत होती. मी तोंड लपवून घरी निघालतो, तर शशिधरनं दंडाला धरून त्याच्या घरात नेलं, खाली बसवलं आणि एक तबकडी लावली. "हे काय हाय?" म्हणालो, तर ओठावर बोट. काय बोलला न्हाय, काय सांगितलं न्हाय. तिसऱ्या गाण्याला मी हुंदके देऊन रडलो, मर्दा. इंग्रजीतलं एक अक्षर कळत न्हवतं. बाजू संपल्यावर तो एवढंच म्हणाला, "नव्या माणसाला आधी काही सांगायचं न्हाय. आधी ऐकू द्यायचं."

ह्या वाक्यानं पुढं घात केला.

त्याची बायको दानम्मा दोन हजार साली गेली, कावीळ होऊन. पोरगी शांभवी नऊ वर्षांची. दानम्मा गेल्यावर शशिधर वर्षभर दार लावून तबकड्या ऐकत बसला. अडतीवरनं आला की आत, दाराला कडी. मी जायचो तेव्हा पोरगी बाहेर पायरीवर दप्तर घेऊन बसलेली असायची. आतनं ती गाणी ऐकू यायची. एकदा मी म्हणालो, "अरे खुळ्या, पोरीला जवळ घे की." म्हणाला, "घेतो." घेतली न्हाय. पुढं ती शिकली, शाहूवाडीकडं मलकापूरला लग्न होऊन गेली, तिथं बालवाडीत शिकवती. बापाविषयी मनात राग हाय असं तोंडानं म्हणाली न्हाय कधी. पण एकदा माझ्यादेखत त्या ट्रंकेकडं बघून म्हणालती, "ही रडगाणी माझी सावत्र आई हाय, काका."

मी हसलो. शशिधर हसला न्हाय.

ह्या साली श्रावणात त्याचा आवाज बसला. तपासण्या झाल्या. घशात गाठ. डॉक्टर म्हणाले, आवाजाची पेटीच काढाय लागणार, त्याच्यानंतर बोलता येणार न्हाय. आठ दिवसांनी ऑपरेशन ठरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या दुकानात आला, गुळाच्या पोत्यात पाच तबकड्या घालून.

"उदया, पाच कॅसेटी भरायच्या. शांभवीसाठी."

"रेकॉर्ड जशीच्या तशी?"

"गाणी मोजकीच. मधी मी बोलणार."

मी बघतच राह्यलो. मधी मी बोलणार म्हणे. हा!

पाच कुठल्या आणि कुठल्या क्रमानं, ह्यावर त्यानं रात्रभर डोकं घातलं असणार. इंग्रजी नावं आमच्या तोंडात बसायची न्हाईत म्हणून आम्ही आमची नावं ठेवलेली. पहिली आक्का. जाडजूड बाई, घोगरा आवाज, नवऱ्याला अशी झाडती की ऐकणाऱ्याला मजा वाटावी. नव्या माणसाला सुरुवात तिच्यापासनं, कारण भांडण सगळ्यांना कळतंय. दुसरी धूर. शहरातल्या हॉटेलात विजेच्या गिटारीवर वाजवलेली, मागं गलका, कुणीतरी ग्लास फोडतंय. तिसरी बाजावाला. तोंडानं वाजवायचा बाजा, त्यातनं तो रेल्वे काढतो. चौथी जेल. कैदी कुदळीच्या तालावर म्हणत्यात, वाद्य न्हाय काय न्हाय. आणि पाचवी एकटा. एक माणूस, एक गिटार, रेकॉर्डला भयंकर खरखर. शशिधर म्हणायचा, ही पहिली दिली तर माणूस पळून जाईल. ही शेवटी द्यायची, तोपर्यंत त्याचा कान तयार होतोय.

कोऱ्या कॅसेटी आता मिळत न्हाईत. मी जुन्यातल्या पाच चांगल्या निवडल्या, पुसल्या, वर कागदाची चिठ्ठी चिकटवून नावं घातली. पाच दुपारी आम्ही बसलो. दुकानाचं शटर अर्धं खाली. मी मशीनवर, तो माईकसमोर स्टुलावर.

आणि हा माणूस बोलाय लागला. बसका, फाटका आवाज, पण थांबंना. आक्काच्या गाण्यानंतर म्हणाला, "शांभू, तुझी आई माझ्याशी अशीच भांडायची, आणि मी हसायचो म्हणून जास्त भांडायची." बाजावाल्यानंतर तिच्या पहिल्या रेल्वेप्रवासाचं बोलला, मिरजेपर्यंतच्या, ती खिडकीत बसून चिक्की खात होती ते. जेलनंतर म्हणाला, "मी दार लावून बसायचो ते तुला बाहेर ठेवायला न्हाय. माझं रडणं तू बघू नयेस म्हणून." मी मान खाली घालून मीटरचा काटा बघत बसलेलो. चाळीस वर्षांच्या दोस्तीत जेवढं बोलला न्हाय तेवढं त्या पाच दुपारी बोलला.

पाचव्या दिवशी एकटाची एक बाजू झाली. कॅसेट उलटली, लाल बटण दाबलं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, आता जरा बाहेर जा.

राग आला मला. चार दिवस सगळं ऐकलं, आणि आता बाहेर? पण गेलो. कोपऱ्यावर चहा मारला, गाड्यावाल्याशी उगंच भांडलो. वीस मिनिटांनी परत आलो तर त्यानं कॅसेट काढून तिच्या पाठीवरची दोन्ही खिट्टं मोडलेली, परत कुणी त्याच्यावर भरू नये म्हणून.

"ऐकू काय?" म्हणालो.

"न्हाय. ते तिचं हाय. मी विचारलंय तिला एक. ती सांगंल."

मग म्हणाला, "उदया, तुझ्या फोनमधी पण घेऊन ठेवायचं काय सगळं?"

आणि मी, हा शहाणा, म्हणालो, "फोनमधी? तुझा आवाज पत्र्यावर खडं टाकल्यासारखा येईल. माझ्या डेकवर भरलंय. पन्नास वर्षं हलत न्हाय." खरं सांगायचं तर एवढ्या वर्षांत कुणीतरी माझ्या मशीनवर विश्वास ठेवून काम दिलेलं, आणि मला त्यात फोनची लुडबूड नको होती. माझा माज, दुसरं काय. दुसरी कॉपी पण काढली न्हाय.

तिच्याकडं लग्नात मीच दिलेला टेप हाय, चालू हाय, हे मला ठावं होतं. शशिधरनं बजावलं, "तिला काय सांगू नको. काय हाय, कुणाचं हाय, काय न्हाय. नव्या माणसाला..."

"आधी काही सांगायचं न्हाय," मी म्हणालो.

मलकापूरच्या एस्टीच्या ड्रायव्हरकडं खोका दिला, आम्ही सगळं तसंच पाठवतो, आणि तिच्या घरी फोन लावला. सासूनं उचलला. चिमणाबाई नाव तिचं, जुन्या हाडाची, गडी माणसासारखी राबती.

"कॅसेटींचा खोका पाठवलाय. तेवढा शांभवीकडं द्या," म्हणालो.

"गेल्या साली बी पाठवलासा की. लय उपकार झाले बघा," म्हातारी म्हणाली.

गेल्या साली मी खरंच पाठवलेला. त्यांच्या रानासाठी. तसलाच खोका, त्याच एस्टीनं, शशिधरच्या सांगण्यावरनं. तिथंच माझ्या डोक्यात उजेड पडायला पाहिजे होता. पण कुणीतरी मिक्सर दुरुस्तीला घेऊन दारात उभं होतं, मी "बरं बरं" म्हणालो आणि फोन ठेवला.

ऑपरेशन झालं. शशिधर घरी आला तो गळ्याला भोक आणि त्यात नळी घेऊन. बोलणं बंद. एक पाटी आणि पेन्सिल, बालवाडीतल्या पोरांची असती तसली, शांभवीनंच आणून दिलेली. ती दर रविवारी यायची. पेज करून नाकातल्या नळीनं घालायची, चादरी धुवायची, औषधं लावून ठेवायची, संध्याकाळच्या गाडीनं परत. कामात एक खोट न्हाय. पण तोंडात शब्द न्हाय. बापाची लेक.

शशिधर तिच्याकडं बघत राहायचा. ती आत गेली की माझ्यापुढं पाटी धरायचा: ऐकल्या?

"ऐकंल की सावकाश. नोकरी हाय, रान हाय," मी म्हणायचो.

पुढच्या रविवारी परत: ऐकल्या?

चौथ्या रविवारी त्यानं लिहिलं: आवडलं नसंल.

आणि त्यानंतर विचारायचं सोडलं. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गाठ खाली उतरलीय, आता घरीच ठेवा. मी बाहेर येऊन गाडीच्या सीटवर बुक्की मारली. माझ्या मनात एकच. बाप पाच दुपारी काळीज काढून बोलला आणि पोरीला एक शब्द म्हणवंना? दिवाळीला चार दिवस राह्यलेले. दुसऱ्या दिवशी सकाळची मलकापूर गाडी पकडली.

त्यांचं घर गावाबाहेर, रानाला लागून. शांभवी दारात तांदूळ निवडत होती. मी चप्पल पण काढली न्हाय.

"बाप मराय लागलाय तुझा, आणि पाच कॅसेटी ऐकाय तुला वेळ न्हाय?"

ती उठली. "कसल्या कॅसेटी, काका?"

"कसल्या? पाठवल्यात की दीड महिन्यापूर्वी! त्याचा आवाज जायच्या आधी त्यानं भरल्यात, तुझ्यासाठी, त्याच्या आवाजात!"

तिच्या हातातलं सूप खाली गेलं. तेवढ्यात मागनं चिमणाबाई आली, पदराला हात पुसत.

"त्या व्हय? त्या बांधल्या की रानात. ह्या साली लय ग्वाड वाजत्यात वो, पावणं. एक चिमणी बसंना."

मला पुढचं नीट आठवत न्हाय. मी म्हातारीवर ओरडलो असणार, कारण ती म्हणत होती, "मला काय ठावं? दर सालचा खोका वाटला. तुम्ही सांगितलासा व्हय काय?" आणि ते खरं होतं. मी काय सांगितलं न्हवतं. दोस्तानं सांगू नको म्हणालेलं.

रानात भात पिवळं पडलेलं. काठ्याकाठ्यांवरनं फिती ताणलेल्या, कुठं तुटून लोंबणाऱ्या, कुठं पीळ पडलेल्या. वारं होतं. सगळं रान वाजत होतं. मी चाळीस वर्षं कॅसेटी विकल्या, पण तो आवाज जवळनं कधी ऐकला न्हवता. एकच सूर, जाड, न थांबणारा.

शांभवी भातात शिरली आणि पहिली फीत सोडून हाताला गुंडाळाय लागली. भराभरा, दातानं गाठी तोडत. मी म्हणालो, "राहू दे, पोरी." ती ऐकंना. एक काठी, दुसरी काठी. भात तुडवत चाललेली. चिमणाबाई बांधावर तोंडाला पदर लावून उभी, पिकाविषयी एक अक्षर बोलली न्हाय. मी शांभवीचा हात धरला. तिची बोटं तपकिरी झालेली. दीड महिन्याच्या उन्हानं आणि दवानं फितीवरचा लेप सुटला होता, हात लावला की बोटाला येत होता.

"हे काय लागतंय हाताला?" तिनं विचारलं.

"तेच हाय ते," मी म्हणालो. "आवाज त्याच्यातच असतो."

ती बोटांकडं बघत खाली बसली. पदराला पुसाय गेली आणि थांबली. मग ती बोटं तशीच वर धरून रडाय लागली. मी बांधावर तिच्याशेजारी बसलो. माझ्याही डोळ्याला धार लागली, लपवायचं काय त्यात?

मनगटानं डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही ऐकलंय न्हवं? सांगा मला. काय काय म्हणाले आप्पा?"

सांगितलं. आक्का, धूर, बाजावाला, जेल, एकटा. कुठली पहिली आणि का, कुठली शेवटची आणि का. एक ओळ दोनदा येती आणि तिसरी उत्तर देती, ते. तिची आई भांडायची ते. चिक्कीचं. दार लावायचं कारण. पण माझ्या ह्या राकट तोंडातनं ते सगळं बाजारातल्या निरोपासारखं येत होतं. ती ऐकत होती आणि मला दिसत होतं की पोचत न्हाय.

"आणि शेवटी?"

"शेवटी तुला एक विचारलंय त्यानं. काय ते मला ठावं न्हाय. मला बाहेर घालवलं."

"आणि तुम्ही गेला?"

"गेलो. चहा प्यायला."

चिमणाबाईनं गोठ्यातनं एक मोकळी कॅसेट आणून माझ्या हातात दिली. चार तिनं पाणी तापवायच्या चुलीत घातलेल्या, ही तेवढी बुट्टीत राह्यलेली. एकटाची. आत एका चाकाला थोडी फीत गुंडाळलेली दिसत होती, तीन हात असंल. तिनं ओढताना तिथं गाठ पडून तुटली असणार. एवढ्याशात काय असणार म्हणून मी ती खिशात टाकली.

त्याच दुपारच्या गाडीनं दोघं कोल्हापूरला आलो. वाटेत ठरवलं, त्याला खरं सांगायचं न्हाय. ठरवलं म्हणजे मीच म्हणालो, ती खिडकीतनं बाहेर बघत होती.

शशिधर जागा होता. रविवार नसताना ती आलेली बघून त्यानं पाटी चाचपली. मी उशीचा टेकू दिला. त्यानं पाटीवर काय लिहायच्या आधीच ती त्याच्या पायाशी बसून म्हणाली, "आप्पा, कॅसेटी ऐकल्या."

त्याचे डोळे एवढे मोठे झालेले मी कधी बघितले न्हवते. लिहिलं: पहिली?

"आक्का. आई अशीच भांडायची म्हणालासा."

शशिधर हसला. गळ्याच्या नळीतनं फुसफुस आवाज आला, पण हसला, देवाशप्पथ सांगतो. पाटी पुसली, लिहिलं: एकटा?

"शेवटी ऐकली. तुम्ही सांगितल्यासारखी."

त्यानं मान हलवली. परत पाटी पुसली, ह्या वेळी सावकाश, कोपऱ्यासकट. एकच शब्द लिहिला आणि तिच्याकडं फिरवला.

मग?

शांभवीनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं. काय विचारलं असंल ह्यानं? माफ करशील काय, असं? माझ्याजवळ येऊन राहशील काय? का नुसतं, तुला आवडलं काय? व्हय म्हणायचं का न्हाय म्हणायचं? शशिधर पाटी धरून वाट बघत होता. हात दुखाय लागला तसा दुसऱ्या हातानं आधार दिला, पण पाटी खाली केली न्हाय.

"व्हय, आप्पा," शांभवी म्हणाली.

तो तिच्याकडं बघत राह्यला. खूप वेळ. तोंडावरचं हसू आधी तसंच होतं, मग ते नुसतं तिथं राह्यलं, आतला माणूस मागं गेला. त्याला आमचं खोटं कळलं, का त्याच्या प्रश्नाला 'व्हय' हेच वाईट उत्तर होतं, हे मी अजून ठरवू शकलो न्हाय. अंगठ्यानं त्यानं तो शब्द पुसला. पाटी उशीखाली सारली आणि डोळे मिटले. त्यानंतर त्यानं ती मागितली न्हाय. पाणी पाहिजे असलं तरी बोटानं दाखवायचा.

पाडव्याच्या दिवशी सकाळी गेला. त्यांच्या रिवाजाप्रमाणं बसवून पुरला. मी मूठभर माती टाकली आणि दुकानात येऊन बसलो.

त्याचा आवाज आता कुठंच न्हाय. त्याच्याकडं बटणांचा फोन, त्यात काय भरलेलं न्हाय. शांभवीच्या लग्नाच्या व्हिडिओत तो दिसतोय, तोंड हलतंय, पण फोटोवाल्यानं सगळ्यावर सिनेमाची गाणी घातल्यात. हे सगळं शांभवीनंच मला सांगितलं, दिवसकार्य झाल्यावर दुकानात आलती तेव्हा. ती ट्रंक माझ्याकडं ठेवाय आलती. तिला घरात नको होती.

तेव्हा मला खिशातली कॅसेट आठवली. ती अजून त्याच विजारीच्या खिशात, खुंटीला. मी म्हणालो, "थांब जरा." चार स्क्रू काढले. तीन हात फीत, ती पण चुरगळलेली. कॅसेटची एक बाजू जिथं संपती, तिथनंच उलटल्यावर दुसरी सुरू होती. ज्या चाकाला पहिली बाजू संपती त्यालाच हा तुकडा चिकटलेला, म्हणजे तो दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीचा. जिथं त्यानं तिला विचारलं, ती बाजू. इस्त्री केल्यासारखी बोटानं फीत सरळ केली, दुसऱ्या कॅसेटीची कोरी फीत पुढं जोडली, नव्या खोक्यात बसवली. शांभवी स्टुलावर बसलेली, त्याच. मी तिला काय सांगितलं न्हाय. बटण दाबलं.

आधी खरखर. मग खोकला. मग तो, बसका, फाटका, माझ्या दुकानात, समोर.

"चालू झालं काय रे? ... हां. आता तू जरा बाहेर जा."

स्टूल सरकल्याचा आवाज. शटर वर केल्याचा. मी जाताना पुटपुटलेलो ते पण आलंय. मग त्यानं श्वास घेतला, बोलायच्या आधी माणूस घेतो तसला मोठा, आणि तिथं फीत संपली. अकरा सेकंद.

मी परत लावलं न्हाय. शांभवी समोरच्या मशीनकडं बघत होती. रडत न्हवती.

"हे मला पाठ हाय, काका," ती म्हणाली. "आई गेल्यावर मी दार वाजवलं की आतनं हेच यायचं. आता तू जरा बाहेर जा."

मी मशीन बंद केलं.

"एक ओळ दोनदा येती म्हणालासा न्हवं तुम्ही? दोनदा झाली की." ती उठली, पदर सारखा केला. "तिसरी काय होती?"